मेपलच्या रानात दुरुस्तीला गेलं की नेमका लागणारा तुकडाच पिशवीत नसतो: कारणं आणि उपाय

मेपल सिरपसाठी झाडांचा रस गोळा करणाऱ्या नळ्यांची साधी गळती काढायला दोन-तीन मिनिटं लागतात. दिवस जातो तो राहिलेला तुकडा आणायला शेडपर्यंत परत जाण्यात. गुडघाभर बर्फातून चढावर अर्धा किलोमीटर जाऊन-येऊन करायचं म्हणजे दुपार संपली. व्हरमाँट, क्वेबेक, ऑन्टॅरिओ या पट्ट्यात रस वाहण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. त्यातही रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर, असे रस सोडणारे दिवस मोजकेच मिळतात. ते हेलपाट्यांत घालवणं परवडत नाही.

पुढच्या मजकुरात वारंवार येणारे शब्द आधी सांगतो. झाडात ठोकतात ती तोटी. तोटीपासून खाली येणारी 30 ते 36 इंचांची नळी म्हणजे ड्रॉप. ड्रॉप जिला टीने (तीन तोंडांच्या जोडाने) जोडला जातो आणि जी झाडाझाडांमधून जाते ती लॅटरल. सगळ्या लॅटरल जिला मिळतात ती तारेवर ताणून बांधलेली मेनलाइन, आणि मेनलाइन शेडमधल्या रिलीजरपर्यंत जाते, म्हणजे व्हॅक्यूम न तोडता रस टाकीत सोडणाऱ्या यंत्रापर्यंत. ज्यांनी ठिबक हाताळलंय त्यांना ही सगळी भावंडं ओळखीची वाटतील. फरक एकच, पण तो मोठा आहे. ठिबकात पाणी बाहेर ढकललं जातं, इथे पंप रस आत ओढतो. त्यामुळे गळती ओली दिसतेच असं नाही. रस बाहेर येत नाही, हवा आत जाते.

लॅटरल बहुतेक ठिकाणी 5/16 इंची असते, आपल्या फिटरच्या हिशेबात अडीच सूत. चांगला उतार असलेल्या रानात पंपाशिवाय चालणारी 3/16 इंची, म्हणजे दीड सुती नळीही वापरतात. ही दोन मापं लक्षात ठेवा, अर्धा घोटाळा तिथेच होतो.

लक्षणं

रिलीजरच्या गेजवर सकाळी 26 इंच (पाऱ्याच्या मापात) व्हॅक्यूम होता, दुपारी 19 वर आला. फेरी मारून दोन गळत्या काढल्या, 23 झाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 19. व्हरमाँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रातल्या कामातून निघालेला अंदाज असा की व्हॅक्यूम एका इंचाने वाढला तर रस 5 ते 7 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे हे आकडे नुसते बघून सोडून देण्यासारखे नाहीत.

एका फेरीत पाच गळत्या सापडतात, तीन निघतात, उरलेल्या दोनांवर चिकटपट्टी गुंडाळली जाते. व्हॅक्यूमखाली आणि थंडीत ओल्या नळीवर चिकटपट्टी टिकत नाही, ती नुसती मनाची समजूत.

जॉइनर, म्हणजे नळीची दोन टोकं जोडणारा तुकडा, आहे पण सापडत नाही. तो शोधताना दोन टी बर्फात पडतात, आणि ते एप्रिलमध्येच दिसतात.

नळी फिटिंगवर चढत नाही, किंवा अर्धी चढते. तीच जागा चार दिवसांत पुन्हा सुटते.

आणि सगळ्यात खात्रीचं लक्षण म्हणजे पिशवी दर आठवड्याला जड होते आणि तरीही परत जावं लागतं. दोष रानात नाही, पिशवीत आहे.

पाऊल टाकण्याआधी व्हॉल्व्ह बंद करून बघा

ही तपासणी फुकटची आहे आणि तीच सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. रिलीजरजवळ मेनलाइनचे जेवढे व्हॉल्व्ह असतील तेवढे सगळे बंद करा आणि गेज बघा. काटा पंपाच्या पूर्ण ताकदीपर्यंत चढला पाहिजे. नाही चढला तर गळती रानात नाहीच, ती पंपघरात आहे: रिलीजरचं गॅस्केट, एखादा सैल क्लॅम्प, किंवा खुद्द पंप. पिशवी खाली ठेवा.

काटा चढला तर एकेक व्हॉल्व्ह उघडा. ज्या मेनलाइनवर काटा धाडकन पडतो ती तुमची. दहा मिनिटांत चारपैकी तीन मेनलाइन वगळल्या गेल्या, आणि सामानही त्या एकीपुरतंच न्यायचं.

यात एक फसगत आहे. पहाटे नळ्या गोठलेल्या असतात. बर्फाचा बोळा बसला की त्याच्या पलीकडच्या गळत्या गेजला कळतच नाहीत आणि व्हॅक्यूम झकास दिसतो. तपासणी रस वाहायला लागल्यावरच करा.

पिशवी टेबलावर उलटी करा

हीही फुकट. सगळं ओता आणि दोन ढीग करा: गेल्या तीन फेऱ्यांत वापरलेलं आणि न वापरलेलं. दुसऱ्या ढिगात हमखास निघतात त्या वस्तू म्हणजे मोठा पाना, पक्कडीची तिसरी जोडी, मेनलाइनचे चार-पाच सॅडल (लॅटरल मेनलाइनला जोडायचे तुकडे), गेल्या वर्षीच्या तोट्या आणि कुठल्या तरी जुन्या नळीचे फिटिंग. हे जड असतं. परत जावं लागतं ते मात्र काही ग्रॅम वजनाच्या जॉइनरसाठी.

सामान दुकानातल्या प्रकारांप्रमाणे भरू नका, दुरुस्तीच्या प्रकारांप्रमाणे भरा. रानात रोज लागणाऱ्या दुरुस्त्या मोजून चार: कुरतडलेली लॅटरल, खराब झालेला ड्रॉप किंवा तोटी, सुटलेलं टोक, आणि तात्पुरतं बंद करायचं तोंड. पाचशे ते हजार तोट्यांच्या रानात एका फेरीला हे पुरतं:

5/16 चे जॉइनर 12, टी 8, लॅटरलच्या शेवटी झाडाला वळसा घालून अडकवायचे हुकवाले जोड 4, नव्या तोट्या 12, बुचं 6. तयार ड्रॉप 6. लॅटरलची नळी 8 मीटर, खांद्यावर घालता येईल अशा वेटोळ्यात. नळी कापायची कात्री, जोडणीचं दोन-हाती हत्यार, छोटा हातोडा, दोन रंगांच्या फिती, पाण्याने न पुसणारा मार्कर, टोकाला टी लावलेला व्हॅक्यूम गेज. गरम पाण्याचा थर्मास. बस.

तयार ड्रॉप म्हणजे तोटी, नळी आणि टी आधीच घरी गरम पाण्यात जोडून ठेवलेला संच. रानात तोच ड्रॉप बनवायचा तर गोठलेल्या बोटांनी चार टोकं चढवावी लागतात. तयार असेल तर लॅटरल कापून टीच्या दोन बाजू बसवल्या की काम झालं. हंगामाआधी एका संध्याकाळी पन्नास बनवून ठेवले तर बहुतेक हंगामभर पुरतात.

सगळं एकाच पोत्यात टाकलं तर ते नसल्यासारखंच. मासेमारीचं जाकीट किंवा सुताराचा खिशांचा एप्रन पाठपिशवीपेक्षा बरा, कारण पाठपिशवी काढून बर्फावर ठेवावी लागते आणि तिथूनच वस्तू हरवायला सुरुवात होते. खिशांची वाटणी एकदा ठरवा आणि हंगामभर बदलू नका. डावा वरचा खिसा जॉइनर, डावा खालचा टी, उजवा वरचा तोट्या, उजवा खालचा बुचं आणि हुक. परीक्षा सोपी आहे: हातमोजा घाला, डोळे मिटा, टी काढा. पाच सेकंदांत हातात आला नाही तर खिसे चुकलेत. खिशांना झाकणं हवीत, आणि ती हातमोज्यानिशी उघडतील अशी वेल्क्रोची. चेन गोठते.

निकामी काढलेल्या तुकड्यांसाठी एक खिसा रिकामा ठेवा. कापलेल्या नळ्या रानात टाकायच्या नाहीत हे आहेच, पण त्या खिशातला ऐवज हीच तुमची मोजणी. संध्याकाळी तो ओतला की आज काय किती लागलं ते कळतं, आणि उद्याचा भरणा त्यावरून होतो. दोन आठवड्यांत पिशवी आपोआप आकाराला येते.

नळी चढत नसेल तर आधी पाणी तपासा

थंडीत पॉलिथिलीनची नळी लाकडासारखी कडक होते. जोर लावला की ती दातेरी टोकाच्या दुसऱ्या कड्यापर्यंत जाते आणि अडते. बाहेरून बसल्यासारखी दिसते. दुपारी ऊन लागलं, नळी मऊ पडली, तारेसारखी ताणलेली लॅटरल हलली की तोच जोड सुटतो. "तीच गळती पुन्हा" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय म्हणजे एक लिटरचा रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास. त्यात निघताना उकळतं पाणी. अरुंद तोंडाचा घेतलात तर नळीचं टोक बुडवता येत नाही आणि झाकणात ओतलेलं पाणी मिनिटभरात कोमट होतं. टोक 10 ते 15 सेकंद बुडवायचं, बाहेर काढून लगेच फिटिंगवर दाबायचं, नळी फिटिंगच्या खांद्याला टेकेपर्यंत. मध्ये फट दिसली तर कापून नव्याने. काप सरळ, काटकोनात हवा. तिरका काप एका बाजूने टेकतो, दुसऱ्या बाजूने हवा ओढतो. खिशातल्या चाकूने तो सरळ येत नाही, कात्रीच हवी.

लायटर वापरू नका. नळीची भिंत एका बाजूला पातळ होते आणि नेमकी तिथेच ताणाखाली फाटते. तेल, ग्रीस, साबण यांपैकी काही लावू नका. हा रस आहे, खाण्याची वस्तू. त्याच कारणाने घरातल्या नळकामातले जुने पितळी जोड चालतील असं समजू नका, त्यांत शिसं असू शकतं.

थर्मासमधलं पाणी तीन-चार तास कामाचं राहतं. मोठी फेरी असेल तर दुसरा थर्मास घ्या, पण चहाचा वेगळा.

मापं मिसळली आहेत का

दीड सुती आणि अडीच सुती नळ्या एकाच रानात असतील तर दोन वेगळ्या पिशव्या करा, वेगळ्या रंगाच्या. एकाच खिशात दोन्हीचे टी ठेवले की हातमोज्यातून फरक कळत नाही. दीड सुती फिटिंग अडीच सुती नळीत सैल बसतं आणि हवा ओढतं; उलट केलं तर चढतच नाही.

माप एकच असूनही वेगवेगळ्या कंपन्यांच्या फिटिंगचे दाते थोडे कमी-जास्त जाडीचे असतात. दहा वर्षं उन्हात ताणलेल्या नळीचं भोकही पहिल्यासारखं राहत नाही. नवा जॉइनर जुन्या नळीत बोटाने फिरत असेल तर तो टिकणार नाही. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंची हातभर जुनी नळी कापून नवा तुकडा घाला.

दीड सुती नळीत आणखी एक गोष्ट. तिथे पंप नसतो, नळीत भरून उतरणारा रसाचा स्तंभच व्हॅक्यूम तयार करतो, दर फुटाच्या उताराला साधारण 0.88 इंच. तीस फूट उतार मिळाला तर 26 इंचांच्या आसपास. हंगामाच्या शेवटी टीच्या बारीक भोकात जिवाणूंचा चिकट साका बसतो आणि वरच्या तोट्या बंद पडतात. लोक गळती शोधत फिरतात, गळती नसतेच. रस तुंबून तोटीभोवती झिरपत असेल तर खालचा टी बदला.

गळती नेमकी कसली हे वाचायला शिका

काय झालंय हे दुरून कळलं तर सामान अंगावरच तयार राहतं. पारदर्शक लॅटरलमधले बुडबुडे बघा. झाडातून रसाबरोबर थोडा वायू येतोच, त्यामुळे बारीक बुडबुडे सावकाश सरकत असतील तर सगळं ठीक. लांब लांब हवेचे तुकडे सुसाट पळताना दिसले, मध्ये रसाचे थेंब फेकल्यासारखे जात असले, तर वरच्या अंगाला हवा शिरतेय. मेनलाइनपासून वर चालत जा. एकेका टीपाशी थांबा. ज्या टीच्या खाली बुडबुडे पळतायत आणि वर शांत आहेत, तिथला ड्रॉप किंवा तोच टी दोषी. ड्रॉप चिमटीत घट्ट दुमडून धरा. लॅटरलमधली धावपळ थांबली तर दोष ड्रॉपमध्ये किंवा तोटीत.

वारा नसेल तर कान लावा. तोटीजवळ बारीक सूं आवाज येत असेल तर ती सैल आहे किंवा लाकूड चिरलंय. सैल असेल तर छोट्या हातोड्याने दोन हलके ठोके पुरतात. ठोक्याचा आवाज पोकळ टकटकीवरून भरीव झाला की थांबा. लाकूड गोठलेलं असताना ठोकू नका, भोकाच्या वर-खाली चीर जाते. आधीच चीर गेली असेल तर तोटी काढा, ड्रॉपच्या तोंडाला बूच लावा आणि त्या भोकाचा नाद या हंगामापुरता सोडा.

खारींनी कुरतडलेलं ओळखायला वेळ लागत नाही: शेजारी शेजारी दोन छोटे चर, कधी आरपार, कधी फक्त खरवडल्यासारखे. खरवडलेलंही कापूनच काढा, उद्या थंडीत तिथेच तडकणार. ठिबकच्या नळ्या खारी आणि उंदीर जसे कुरतडतात तसंच हे, फक्त इथे साखरेचं आमिषही आहे. मीठही त्यांना ओढतं. चिवडा खाल्लेल्या हातांनी नळ्या हाताळू नका हे थट्टेने म्हणत नाही. सोडियम हायपोक्लोराइटने (ब्लीचने) धुतलेल्या नळ्यांत मीठ मागे राहतं आणि त्यांना दात जास्त लागतात.

मीटरभरात तीनपेक्षा जास्त जोड झाले असतील तर चौथा घालू नका. तेवढी लॅटरलच बदला. प्रत्येक जोड म्हणजे गळतीच्या दोन नव्या जागा, आणि कापत कापत नळी आखूड होऊन शेजारच्या टीवर ताण येतो. आठ मीटरचं वेटोळं सोबत घ्यायचं ते यासाठीच.

हत्यार आणि बॅटरी

दोन-हाती हत्यार नळीची दोन्ही टोकं पकडून फिटिंगकडे ओढतं. ताणलेल्या लॅटरलवर ते नसेल तर काम होत नाही. पकड सरकत असेल तर जबड्यात आधी बर्फ बघा, मग झिजलेले दाते, मग जबडा चुकीच्या मापाचा तर नाही ना ते. जबडे बदलून मिळत असतील तर सगळं हत्यार टाकू नका. त्याला चमकदार रंगाची दोरी बांधून ती कमरेला अडकवा. बर्फात पडलेलं करडं हत्यार सापडत नाही.

ड्रिल रोजच्या फेरीला लागत नाही. नेणार असाल तर बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. थंडीत लिथियम बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकते. मेनलाइनच्या क्लॅम्पचा नट ड्रायव्हर आणि तोटीच्या भोकाचं बिट दोन्ही 5/16 इंची, त्यामुळे डबीवर नुसतं माप लिहून चालत नाही, काय आहे ते लिहा.

खुणा

नवी दुरुस्ती झाली की जोडाशेजारी गुलाबी फीत, तारीख मार्करने. सामान नसल्याने राहिलेली जागा निळी फीत, आणि फितीवर काय लागणार ते: "टी 1, नळी 2 मी". मेनलाइनला क्रमांक, प्रत्येक लॅटरलला वरून खाली क्रमांक, आणि ते सुरुवातीच्या झाडाजवळ टांगलेल्या पट्टीवर. फोनमधल्या नकाशावर भरवसा ठेवायचा तर थंडीत फोनही बंद पडतो हे धरून चाला.

रानातच साठा

वरचं सगळं करूनही हेलपाटे पडत असतील तर अंतर हेच कारण आहे. मेनलाइनच्या फाट्यांवर साठा ठेवा. प्लॅस्टिकची बादली नको, ती खारी कुरतडतात. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा तारेवर लटकवा. त्यात 10 जॉइनर, 6 टी, 4 ड्रॉप, दहा मीटर नळी आणि मेनलाइनसाठी त्या व्यासाचे 2 जॉइनर, 8 स्टीलचे क्लॅम्प, एक सॅडल, तार बांधायचे वीसेक तुकडे. जे वापरलं ते झाकणाच्या आतल्या कागदावर लिहा, नाहीतर मार्चच्या मध्याला डबा रिकामा सापडेल. मेनलाइनची लांब नळी खांद्यावर वाहून नेऊ नका. बर्फ आहे तोवर स्लेजवरून हंगामाआधीच पोचवून ठेवा.

इथे थांबा

तारेवर झाड किंवा मोठी फांदी पडलेली असेल तर कापू नका. मेनलाइनची तार हाय टेन्साइल, म्हणजे जबर ताण सोसणारी असते आणि ताणाखाली असते. फांदी कापली की तार उसळते, तार कापली की चाबकासारखी फिरते. वरती अडकून राहिलेली तुटकी फांदी असेल तर तिच्याखाली जोड लावायलाही उभं राहू नका. ही कामं चेनसॉचं प्रशिक्षण आणि तारेचं खेचणी-हत्यार असलेल्या माणसांची.

सगळे व्हॉल्व्ह बंद असताना पंप पूर्ण व्हॅक्यूम देत नसेल, तेलात पाणी दिसत असेल किंवा मोटर गरम होऊन ट्रिप होत असेल तर पंपाच्या मेकॅनिकला बोलवा; वायरिंग असेल तर इलेक्ट्रिशियनला. एकाच मेनलाइनवर सगळ्या गळत्या काढूनही काटा दोन दिवस वर येत नसेल तर तिचा उतार बिघडलाय, कुठे तरी झोळ पडून रस साचतोय. मेनलाइनला किमान 2 टक्के उतार लागतो. तो पुन्हा लावायचा म्हणजे तार सोडून नव्याने ताणणं, आणि ते नळ्या टाकणाऱ्या कंत्राटदाराचं काम.

फोन करण्याआधी त्या मेनलाइनचा व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे बाकीच्यांचा व्हॅक्यूम वाचतो. आणि हे लिहून घ्या: मेनलाइनचा क्रमांक, नळीचा व्यास, तार कुठल्या झाडापासून कुठल्या झाडापर्यंत आहे, व्हॉल्व्ह उघडा असताना आणि बंद असताना गेज किती दाखवतो, आणि तिथपर्यंत स्लेज जाते की चालतच जावं लागतं.